सोमवारची पेशी

कांदा लपवणं ही काही फार अवघड गोष्ट नव्हे, असं सुनंदाबाईंचं ठाम मत होतं. अमळनेरच्या मुलींच्या शाळेत त्या शास्त्र शिकवत. सोमवारी अकराला तपासणीचे साहेब येणार होते. पाठ रंगला तर नोकरी कायम. पाठ पेशी-विभाजनाचा, आणि ते पाहायला कांद्याच्या कोवळ्या मुळांसारखं दुसरं काही नाही. अडचण एवढीच, की बाई जतनबाईंच्या घरात भाड्याने राहत, आणि त्या जैन घराच्या उंबऱ्याआत आजवर कांद्याचं सालही आलं नव्हतं.

बाईंनी औषधाच्या बाटलीच्या तोंडावर कांदा बसवला, बाटली ट्रंकेमागे ठेवली आणि वास मारायला उदबत्ती लावली. चौथ्या दिवशी जतनबाई दारात आल्या.

"बाई, उदबत्ती विझतच नाही तुमची. व्रत आहे का?"

"नाही आजी. सोमवारी पेशी-विभाजन आहे ना, त्याची तयारी."

त्या घराला पेशी एकच माहीत होती: कोर्टातली तारीख. आणि विभाजनाचा अर्थ तर सांगायलाच नको. जतनबाई गेल्या, पण दाराबाहेरच थांबल्या. आत बाईंची तालीम सुरू झाली, मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात.

"आधी सगळं दुप्पट होतं, म्हणजे दोघींना वाटा सारखा. मग दोन्ही बाजूंनी ओढाओढ. मग मध्ये भिंत येते. आणि एकीच्या दोन झाल्या, की आई म्हणून वेगळी काही उरत नाही."

जतनबाईंनी दोन्ही मुलांना ओसरीवर बोलावलं. "मी जिवंत असताना कोर्टात कोण गेलं? बठ्ठं ऐकलं मी, सगळंच्या सगळं. दोघी सुनांना सारखा वाटा, मध्ये भिंत, आणि आई उरत नाही म्हणे."

थोरला पारसमल धाकट्याकडे वळला.

"माझ्याकडे काय बघता, भाऊ?" बन्सीलाल म्हणाला. "वकिलाच्या ओट्यावर रोज तुम्ही बसता."

"आणि बाईंकडून अर्ज कोण लिहून घेतो?"

"मी फक्त टपालखात्याचा लिहून घेतला होता!"

खोलीत बाईंना सारं ऐकू येत होतं. तिसऱ्या वाक्याला घोळ लक्षात आला. त्या खुलासा करायला उठल्या, ट्रंकेकडे पाहिलं आणि परत बसल्या. खुलासा करायचा तर कांदा बाहेर काढावा लागणार होता.

रविवारी सुनांनी भांडी वाटून घेतली.

सोमवारी बाई मुळं कापून टांग्यात बसल्या. मागे दुसरा टांगा निघाला. त्यात जतनबाई आणि कोट-टोपी घातलेले दोन्ही मुलगे. पेशी कुठे ते बाईंनाच ठाऊक, म्हणून बाई जातील तिकडे जायचं असं तिघांत ठरलं होतं.

प्रयोगशाळेत तिघं शिरले. "पालक वाटतं? बसा," साहेब म्हणाले.

पारसमलने हात जोडले. "साहेब, आम्हाला विभाजन नको."

"नको म्हणून कसं चालेल? ते होतच राहणार. त्यावरच तर सगळं जग चाललंय."

जतनबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग मात्र सुनंदाबाईंना राहवेना.

"आजी, हे कोर्ट नाही. माझी पेशी ही. या नळीतून पाहा."

जतनबाईंनी एक डोळा मिटून सूक्ष्मदर्शकात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"गुलाबी आहे. मध्ये खरंच भिंत आहे की. कशाची ही?"

"कांद्याची."

"कुठं वाढला?"

"ट्रंकेमागे."

जतनबाई सावकाश सरळ झाल्या. "एकाच डोळ्यानं पाहिला," त्या म्हणाल्या. "पाप अर्धंच."

नोकरी कायम झाली. 'पालकांचा सहभाग उल्लेखनीय,' असा शेरा साहेबांनी खास मारला. भावांची समजूत पटली, भांडी मात्र एकत्र आली नाहीत. चुली वेगळ्या झाल्यावर सुनांना ते फारच सोयीचं वाटलं. वाटणी अगदी गोडीने पार पडली.

एकच वाद अजून मिटलेला नाही. सुनंदाबाईंची खोली कोणाच्या वाट्याला आली? दोन्ही भाऊ शपथेवर सांगतात, दुसऱ्याच्या.