एका साहेबांचं अनेकवचन

अखेर साहेब एकटेच दुसऱ्या मजल्यावर राहिले आणि बाकीचं सगळं ऑफिस तळमजल्यावर गेलं. पण हे घडलंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ. हेडक्लार्कही तसंच धरून चालले आहेत.

पाण्याच्या मीटरचं ते ऑफिस. माणसं चार: साहेब, हेडक्लार्क, टायपिस्ट आणि शिपाईमामा. जिन्याच्या पायऱ्या सेहेचाळीस. साहेबांच्या दोन्ही गुडघ्यांनी राम म्हटला होता आणि डॉक्टर म्हणाले होते, "जिना सोडा, नाहीतर नोकरी सोडा." तेवढ्यात तळमजल्यावरची खोली रिकामी झाली. महिनाअखेरपर्यंत मंजुरी आली नाही, तर तिथे जुने पाइप येऊन पडणार होते. साहेब पडले भिडस्त. स्वतःसाठी कसं मागायचं म्हणून त्यांनी हे काम हेडक्लार्कवर सोपवलं. मुख्य कार्यालयातल्या मॅडम फक्त इंग्रजी वाचायच्या, आणि हेडक्लार्कचं इंग्रजी ऑफिसात सगळ्यात जुनं होतं.

"लिही," ते टायपिस्टला म्हणाले. "अवर साहेब हॅज टू नीज. दे कॅनॉट क्लाइंब स्टेअर्स. काइंडली ट्रान्सफर देम टु ग्राउंड फ्लोअर."

"काका, साहेब एकच आहेत. 'ही' लिहायला हवं."

"'ही' म्हणजे 'तो'. साहेबांना 'तो' म्हणू? बावीस वर्षं 'ते' म्हणतोय मी! 'ते' म्हणजे 'दे'."

"पण वाचणाऱ्याला 'दे' म्हणजे गुडघे वाटतील."

"वाटू देत. साहेब आले की गुडघे आलेच."

आठ दिवसांनी उत्तर आलं. अधिकाऱ्यास वगळून केवळ गुडघ्यांची बदली करण्याची तरतूद नियमांत नाही. तसेच अधिकाऱ्यास दोन गुडघे असल्याची नोंद घेतली आहे.

साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि हळूच आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. "म्हणजे नाकारलं का हो?"

"छे छे! निम्मं काम झालंय. गुडघे मान्य झालेत."

दुसरं पत्र गेलं. त्यात गुडघे नव्हते, नुसतं 'दे' होतं. उलट टपाली विचारणा आली: 'दे' म्हणजे नेमके किती जण? खाली कोण येणार, वर कोण राहणार? खुलासा करावा.

आता वर कोणीतरी राहायला हवंच होतं, कारण रेकॉर्डची कपाटं वर होती. शिपाईमामा आनंदाने तयार झाले. कपाटांमागे त्यांची सतरंजी होती.

हेडक्लार्कनी मजकूर सांगितला. पहिल्या ओळीत साहेबांचं नाव आणि हुद्दा. मग, "प्यून इज देअर. ही हॅज नो ट्रबल. ही विल स्टे अपस्टेअर्स. दे विल कम डाउन."

शिपाईमामा टायपिस्टच्या खांद्यावरून बघत होते. "यातला मी कोणता?"

"'ही'," टायपिस्ट म्हणाली.

"ही? मी 'ही'? ही तर घरी आहे माझी!"

"अहो मामा, इंग्रजीत 'ही' म्हणजे 'तो'."

"मग साहेब 'ते' आणि मी 'तो'? साहेबांपेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे मी! माझं नाव काढा त्यातून, नाहीतर पत्र टपालात टाकणार नाही. सांगून ठेवतो."

महिना संपायला चार दिवस होते. हेडक्लार्कनी मुकाट्याने 'प्यून इज देअर' एवढं खोडलं. बाकीचं तसंच ठेवलं; पुन्हा टाइप करायला वेळ कुठे होता?

महिन्याच्या शेवटच्या दिवशी आदेश आला. साहेबांना काहीही त्रास नसून ते एकटे वर राहण्यास राजी आहेत, याबद्दल समाधान वाटते. बाकी सर्वांनी आजच तळमजल्यावर यावे. या विषयावर पुढील पत्रव्यवहार स्वीकारला जाणार नाही.

"यातला 'ते' मी आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब," हेडक्लार्क खाली मान घालून म्हणाले. "आपण 'ही' झालात."

शिपाईमामा सतरंजी गुंडाळता गुंडाळता थांबले. "साहेब, हवी तर राहू दे इथेच. कपाटांमागे वारा चांगला येतो."

तेव्हापासून सह्यांच्या फायली दोरीला बांधून वर जातात आणि साहेब खिडकीतून त्या ओढून घेतात. या विषयावर लिहायला बंदी असल्यामुळे हेडक्लार्कनी कालच नव्या विषयावर इंग्रजीत अर्ज पाठवला आहे. त्याचा मराठी मसुदा असा:

"विषय: इंग्रजी भाषेत एक सर्वनाम वाढवून मिळणेबाबत.

महोदया, संख्येने एक व मानाने अनेक असे एक सर्वनाम इंग्रजी भाषेत तातडीने मंजूर करून या कार्यालयास पाठवावे. सदर सर्वनामास जिना चढावा लागू नये, ही नम्र विनंती."