महागाईची माफी मागणारे परुळेकर

तेल महागलं की आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमधल्या बायका वाण्याशी भांडत नसत. त्या परुळेकरांचं दार वाजवत. आणि परुळेकर बनियनवर घाईघाईने सदरा चढवून दारात येत आणि चक्क माफी मागत.

कारण एवढंच, की ते फोर्टातल्या त्या मोठ्या बँकेत होते, जी नोटा काढते आणि बाकीच्या बँकांवर लक्ष ठेवते. तिथेही ते फाटक्या नोटांच्या खात्यात. तेलाशी त्यांचा संबंध फोडणीपुरताच. पण "माझा काय दोष?" असं ते कधी म्हणाले नाहीत. "बाजारात पैसा फार झालाय, वहिनी. व्याज वाढवून आवळणं चालू आहे. थोडा वेळ लागेल," असं सांगत, आणि तेही पेशंटच्या नातेवाइकांशी डॉक्टर बोलतात तशा आवाजात.

स्वतःपुरती ही लढाई ते मनापासून लढत. सगळे एकदम खरेदीला निघाले की भाव चढतात, म्हणून दिवाळीचा शर्ट दिवाळी उलटल्यावर शिवायला टाकत. एका वर्षी कांदा भडकला, तर यांनी कांदाच सोडला. मी समोरच्याच घरात राहायचे. म्हटलं, "तुमच्या एकट्याने काय होणार, भाऊ?"

"भावही एकेकट्यानेच वाढवलाय ना?" ते म्हणाले आणि पुन्हा बटाटे चिरायला लागले. मूलबाळ नव्हतं. बायको गेल्यापासून स्वयंपाक तेच करत.

स्टेशनजवळ एक छोटी सहकारी बँक होती. आमच्यापैकी बहुतेकांची पुंजी तिच्यात. एका मे महिन्यात कुणकुण लागली, की संचालकांनी आपल्याच सोयऱ्यांना कर्जं वाटलीत आणि ती बुडलीत. दुसऱ्या दिवशी शटर वर जायच्या आत बाहेर रांग.

तळमजल्यावरच्या कांबळेवहिनी आधी परुळेकरांकडे आल्या. त्यांच्या सुनंदाला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फीचे पैसे त्याच बँकेत होते.

"भाऊ, तुम्ही मोठ्या बँकेतले. काढू की ठेवू?"

"मला खरंच ठाऊक नाही. ते खातं वेगळं. पण सगळे एकदम धावले तर धडधाकट बँकही आडवी होते, वहिनी."

"ते झालं हो. मी काय करू?"

वहिनी मला घेऊन रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

दुपारी परुळेकर आले. "बघा, हे पण आले काढायला," कोणीतरी म्हणालं. ते आमच्याकडे न बघता सरळ आत गेले. पैसे भरायच्या खिडकीवर चिटपाखरू नव्हतं.

"काढायचेत ना? ती रांग," कॅशियर म्हणाला.

"भरायचेत," परुळेकर म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं. बायकोच्या आजारपणासाठी साठवलेले पैसे होते. ते लागायच्या आतच ती गेली होती.

रांगेतली कुजबुज थांबली. काही माणसं घरी परतली. वहिनीही थोडा विचार करून म्हणाल्या, "चल गं. ह्यांना काहीतरी माहीत असणार."

त्याच आठवड्यात बँकेच्या दारावर नोटीस लागली. पैसे काढायला बंदी. हुकूम परुळेकरांच्याच मोठ्या बँकेचा होता. पुढे कित्येक वर्षांनी दुसऱ्या बँकेने ती चालवायला घेतली आणि पैसे परत मिळाले. "रक्कम तेवढीच आहे, पैसे तेवढे नाहीत," असं परुळेकर तेव्हा म्हणाले, आणि ते सगळ्यांना लगेच कळलं. पण त्या मे महिन्यात समोर होती ती फी.

परुळेकरांचं दार कोणी वाजवेना. मग तेच खाली गेले.

"चुकलं माझं, वहिनी."

"ते राहू द्या, भाऊ. पोरीचं काय करायचं ते बोला."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते वहिनींबरोबर सुनंदाला प्रवेश मिळालेल्या हॉस्पिटलात गेले. आयुष्यात कोणाकडे शब्द न टाकलेला माणूस मेट्रनबाईंच्या खोलीबाहेर बाकावर दिवसभर बसून राहिला. संध्याकाळी आत बोलावलं. "बँक आमच्या साहेबांनी बंद केलीय, बाई. यांच्या मुलीने नाही," एवढंच ते बोलले. मेट्रनबाईंनी हप्ते करून दिले.

परतीच्या बसमध्ये काय झालं ते वहिनींनीच मला सांगितलं. वहिनींनी विचारलं, "पण भाऊ, तुम्ही त्या दिवशी पैसे भरायला गेलात कशाला?"

"तुमचं सगळ्यांचं तिथे. माझं तेवढं बाहेर, सुखरूप. बरं दिसेना." मग ते म्हणाले, "ही असती तर मला जाऊ दिलं नसतं. चप्पल घालताना विचारलं असतं, कुठे निघालात म्हणून. आता मी कुठेही निघालो तरी कोणी विचारत नाही."

वहिनी म्हणाल्या, "पुढच्या वेळी खाली थांबून मला सांगून जात जा."

परुळेकरांनी मान हलवली. कंडक्टर आला तेव्हा दोन तिकिटं वहिनींनीच काढली.