सीलबंद डबा

आवक-जावक कारकुनांची नात नऊ महिन्यांची होती आणि तिच्या दोन्ही गालांवर लाल चट्टे उठले होते. चट्ट्यांची रुंदी पाहता ते आजोबांच्या बोटांचेच आहेत, असा निष्कर्ष सूनबाईंनी जागेवर काढला.

"बाबा, ऑफिसातलं ते जंतुनाशक तुमच्या हाताला लागून घरी येतं."

"हात धुऊनच निघतो गं मी!"

"धुता, आणि मग नळ बंद करता. नळाला काय चोळतात तिथे? शिवाय पिशवी, किल्ल्या, चष्मा. हे थांबेपर्यंत तिला हात लावू नका."

दिवसभर पत्रांवर शिक्के मारणारा माणूस जगत होता तो संध्याकाळी दारात त्या पोरीला उचलून घेण्यासाठी.

ऑफिसचा नियम साधा होता. प्रत्येक कडी, मूठ आणि खुर्चीचा हात दर तासाला जंतुनाशकानं पुसायचा आणि तक्त्यावर सही करायची. डब्यावर स्वच्छ छापलं होतं, बादलीभर पाण्यात एक झाकण. सफाईच्या मावशींनी पहिल्या दिवशी तसंच केलं, तर त्यांना मेमो मिळाला. "पाणी घालणं म्हणजे भेसळ," साहेब म्हणाले. तेव्हापासून मावशी नाकाला रुमाल बांधून, साहेबांचा उद्धार करत, निव्वळ औषध चोळत होत्या. दार उघडलं की तळवा चुरचुरे, तोच हात डोळ्याला गेला की डोळा. फाइल ज्या टेबलावर जाई, तिथे खाज पोहोचे. एवढ्या वेगानं त्या ऑफिसात आजवर काहीही पुढे सरकलं नव्हतं.

बाबांनी तीन प्रतींत तक्रार केली. समिती बसली. समितीनं सर्वांचे हात तपासले, स्वतःचे खाजवले आणि अहवाल दिला: 'खाज स्पर्शातून पसरते. जंतूही स्पर्शातूनच पसरतात. सबब औषध कमी पडत असून यापुढे दर अर्ध्या तासाने पुसण्यात यावे.'

"अहो साहेब, पण औषधामुळेच तर..."

"औषधानं कुणाला काही होतं का? शिकलेसवरलेले ना तुम्ही?"

वर, असा महत्त्वाचा विषय ऐरणीवर आणल्याबद्दल बाबांचा सत्कार झाला. भेट म्हणून त्याच औषधाचा पाच लिटरचा डबा. घेऊ नये, हे त्यांना चांगलं कळत होतं. पण फुकट, आणि तोही न फोडलेला! घेतला हो, काय करतील. रबरी हातमोजे घालून घरी आणला.

सूनबाईंनी आधी नाक मुरडलं, मग झाकण उघडून हुंगलं. "अय्या, गुलाबाचा वास!"

"अगं, हे तेच आहे."

"ते ऑफिसात वापरलेलं होतं, बाबा. हे सीलबंद आहे. आणि बाळ रांगतंय आता, फरशी कशी लख्ख हवी. थोडं जास्तच घालते."

डबा तर बाबांनीच आणला होता.

फरशी चकाकू लागली. आपल्यामुळे पोरीला काही व्हायला नको म्हणून बाबा दोन्ही हात पाठीमागे धरून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. नात खिदळत रांगत निघाली. ओल्या फरशीवर तिनं दोन्ही तळवे थापटले आणि उजवी मूठ अख्खी तोंडात घातली.

"बघा," सूनबाई समाधानानं म्हणाल्या, "तुम्ही हात लावला नाहीत तर कशी छान खेळतेय."

हसलात ना? हसा की. तुमच्या फरशीला कुठला वास येतो, लिंबाचा की गुलाबाचा?