गोविंदभाऊंची पाण्यातली फेरी

रात्री तलावात उतरण्याआधी गोविंदभाऊ पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, अंधाराकडे वळतात आणि खणखणीत आवाजात विचारतात, "कोनी राह्यलं काय?" पाळीवर माझ्याशिवाय कुणी नसतं आणि मला कुठेही जायचं नसतं. तरी "नाई जी, सोडा गाडी," असं मला म्हणावंच लागतं. मग मी बॅटरी दोनदा लुकलुकवतो. दोन बेल झाल्या की गाडी सुटते. म्हणजे गोविंदभाऊ डोळ्यांवर मास्क ओढतात, तोंडात नळी धरतात, तरंगायला कमरेला बांधलेला तेलाचा रिकामा डबा नीट आहे का ते चाचपतात आणि पालथे होऊन पाण्यावर तरंगत निघतात.

या माणसानं उभा जन्म एसटीच्या लाल गाडीत कंडक्टरकी केली. बल्लारपूर, आलापल्ली, सिरोंचा हा सगळा जंगलातला रस्ता त्यांनी दाराच्या दांडीला टेकून पाहिला. गाडीतून ते निवृत्त झाले, पण गाडी त्यांच्यातून काही उतरली नाही. लग्नाच्या पंगतीत "थोडं थोडं सरका जी, मंधात जागा हाये," असं म्हणत ते अजून चार माणसं बसवतात. मंदिरात आरती संपली की हात आपोआप वर जातो आणि दोरी ओढल्यासारखा खाली येतो.

नळीचं खूळ अंदमानातून आलं. लेक आणि जावई नागपूरला असतात. त्यांनी एकदा या दोघा नवराबायकोला अंदमान दाखवायला नेलं. तिथं दिवसा सगळ्यांनी स्नॉर्कलिंग केलं. रात्रीही पाण्यात उतरता येतं, हे कळल्यावर जावई खोलीत झोपला आणि सासरा गाइडबरोबर पाण्यात गेला. बायको शकुनबाई त्यांच्या चपला हातात धरून वाळूत बसून होत्या. येताना लोक शंख-शिंपले आणतात, यांनी मास्क आणि नळी आणली. मग महिनाभर सबंध गावाला समुद्रातले मासे ऐकावे लागले. शेवटी ते म्हणाले, "अंदमानात येवढी मजा हाये, त आपल्या तलावानं काय घोडं मारलं?"

आमचं गाव मूलच्या पुढे, गडचिरोलीच्या वाटेवर. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि गोविंदभाऊंचं घर माझ्या घराला लागून. तलाव जुना, मोठा, एका बाजूला गाव आणि दुसऱ्या बाजूला जंगल. दिवाळीनंतर त्यातला गाळ खाली बसतो आणि होळीपर्यंत पाणी इतकं नितळ असतं की काठाजवळ तळाची शिंपलीही दिसते. या दिवसांत गोविंदभाऊंची फेरी चालायची.

मात्र नियम कडक. दिवसा रस्ता पाहिल्याशिवाय रात्रीची गाडी काढायची नाही, म्हणून ते दुपारी एकदा पाण्यात जाऊन येत. तलावात मासे धरणाऱ्या सुखदेवला आज जाळी कुठे टाकलीत ते विचारून घेत, कारण जाळ्यात पाय अडकला तर पोहणाराही बुडतो. पाय टेकतील तिथपर्यंतच जायचं. बॅटऱ्या दोन, एक हातात आणि एक मनगटाला बांधलेली. जंगलाकडच्या काठाला अजिबात फिरकायचं नाही. "तिकडच्या सीटा रिझर्व हायेत," ते सांगत. रात्री तिकडे पाणी प्यायला कोण येतं ते गावात लहान पोरालाही माहीत आहे.

मासा झोपलेला दिसला तर उजेड बाजूला वळवायचा. "रातच्या गाडीत झोपलेल्या प्रवाशाच्या तोंडावर बॅटरी मारते काय कोनी?" एकदा एक पाणसाप त्यांच्याबरोबर बराच वेळ पोहत राहिला. आम्ही घाबरलो. हे म्हणाले, "फुकट्या होता. पुढच्या थांब्यावर उतरला."

पण सगळ्यांत मोठा नियम म्हणजे, पाळीवर जागं माणूस असल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकायचं नाही. हे काम शकुनबाईंचं. नवऱ्यानं जन्मभर मारलेली बेल आता त्यांच्या हातात आली होती. बॅटरी एकदा लुकलुकली की थांबायचं, दोनदा लुकलुकली की चालायचं. तिसरी बेल गोविंदभाऊंनी पदरची घातली होती. तीन बेल म्हणजे गाडी डेपोत परत.

मीही अधूनमधून जाऊन बसायचो. तलावाचं सौंदर्य वगैरे काही नाही, शकुनबाईंच्या थर्मासमधला चहा आणि पदरात बांधलेले उकडलेले शिंगाडे हे खरं कारण. पलीकडे जंगल काळं उभं असायचं, मधे पाण्याखाली हिरवट उजेडाचा एक गोळा सावकाश सरकत असायचा, आणि शकुनबाई शिंगाडा सोलून माझ्या हातावर ठेवत म्हणायच्या, "मास्तर, अंदमानाले जाऊन आल्यापासून या मानसाचं डोकं पान्यातच हाये." तशा रात्री पुन्हा मिळाव्यात असं मला अजून वाटतं.

फेरी अर्धीही झालेली नसायची आणि बाई तीन बेल मारून मोकळ्या व्हायच्या. गोविंदभाऊ नळी उपसून फणफणत बाहेर यायचे.

"अवं, आत्ताच त मरळ दिसली होती. अर्ध्या रस्त्यातून गाडी डेपोत कायले बोलावते?"

"चहा थंडा होते," बाई म्हणायच्या.

थर्मासमधला चहा कसा थंड होईल, हे गोविंदभाऊंनी कधी विचारलं नाही. बडबडत प्यायचे, बाई टॉवेलनं त्यांचं डोकं खसाखसा पुसायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एका पावसाळ्यात शकुनबाई थोड्याशा आजारानं गेल्या. दिवाळी झाली, पाणी नितळलं, पण मास्क खुंटीवरच राहिला. गावाला वाटलं, म्हाताऱ्याला अक्कल आली. सुखदेव मात्र मला म्हणाला, "भाऊ रोज सांजेले पाळीवर येऊन बसतेत जी. पान्याकडे पाहतेत न वापस जातेत."

मी विचारलं, "काऊन भाऊ, गाडी बंद?"

"पाळीवर मानूस नाई, मास्तर. एकट्यानं उतरत नसतात." मग म्हणाले, "पोरगी नागपूरले बोलावून राह्यली. होळी झाली का जातो. इथी काय ठेवलं हाये आता?"

नागपुरात लेकीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात हा माणूस काय करील? शेजार सुटणार याचं दुःख होतंच. मी म्हणालो, "मी बसतो पाळीवर." त्यांनी माझी रीतसर मुलाखत घेतली. झोप लागते काय, मोबाइल घरी ठेवाल काय, बेलींचा अर्थ सांगा. मग खुंटीवरचा मास्क खाली आला.

पहिल्याच फेरीला मी घोळ घातला. आमच्या तलावावरचे डास माणूस पाहून नव्हे, मास्तर पाहून चावतात. एक मानेवर बसला, मी बॅटरीच्या हातानंच त्याला हाणला आणि उजेड क्षणभर माझ्या शर्टात लपला. समोरचा हिरवा गोळा जागच्या जागी थांबला. मला वाटलं, काहीतरी बघत असतील. मी शेंगा खाल्ल्या. गोळा हलेना. मी हाका मारल्या, पण कान पाण्यात असलेल्या माणसाला हाका काय ऐकू जाणार? पाण्याला भिणारा मी गुडघ्यापर्यंत आत शिरलो आणि घाबरून बॅटरी दोनदा लुकलुकवली. गोळा लगेच पुढे सरकू लागला.

बाहेर आल्यावर म्हणाले, "एक बेल तुमीच मारली. दोन बेलीशिवाय गाडी हालवाले मी काय नवीन हाओ?"

"अहो, पण थांबून थांबून किती थांबायचं?"

"थांबलो म्हनून त झिंगा नाकापाशी आला. लाल डोये करून पाहे माह्याकडे. टिकीट मागून राह्यला असन."

त्यानंतर मी फार सावध झालो. डास चावले तरी हात हलवायचो नाही, आणि फेरी कधी मधे तोडायचो नाही. शकुनबाई अर्ध्यातून बोलवायच्या, मी पुरी फेरी करू देतो, याचा मला मनातून अभिमानही होता. गोविंदभाऊ पाण्यातल्या ठरलेल्या खुंटापर्यंत जायचे, परत यायचे, गुपचूप चहा प्यायचे. "झाली काय फेरी चांगली?" "झाली." एवढंच बोलणं. फणफणणं नाही, मरळ नाही. नागपूरची तयारी मात्र सुरू होती. ट्रंक उन्हात ठेवलेली मी पाहिली.

होळी आठवड्यावर आली असताना एका रात्री माझ्याकडे थर्मास नव्हता. धुताना फुटला होता. चहा मी पितळी डब्यात नेला होता आणि वारा सुटला होता. मी डब्याला हात लावून पाहिला, तर तो निवत चाललेला. गार चहा मला अजिबात चालत नाही. गोविंदभाऊ निम्म्या वाटेवर होते. मी तीन बेल मारल्या.

पाणी फुत्कारलं. नळी उपसून गोविंदभाऊ पाणी तुडवत आले. "मास्तर, अर्ध्या रस्त्यातून कायले बोलावलं? वाम होती वाम, हातभर लांब!"

"चहा थंडा होऊन राह्यला जी," मी म्हणालो.

ते गुडघाभर पाण्यात उभेच राहिले. मास्क कपाळावर होता, दाढीतून पाणी टपकत होतं. मग येऊन माझ्याजवळ बसले आणि डबा दोन्ही हातांत धरला, पण प्यायले नाहीत.

"आमच्या घरची अशीच बोलावे," ते म्हणाले. "थर्मासातला चहा थंडा होत नाई, हे मले मालूम नव्हतं काय? तिले भेव वाटे. आन मले बरं वाटे, मास्तर. पान्यातून डोकं काढलं का दिसे, कोनाले तरी आपन लवकर घरी पाह्यजे. तुमी मानूस चांगले, पन तुमी त पुरी फेरी करू देता."

मी टॉवेल घेतला आणि त्यांचं डोकं पुसू लागलो. त्यांनी पुसू दिलं.

होळी झाली, पण गोविंदभाऊ नागपूरला गेले नाहीत. ट्रंक सावलीत गेली. पुढे माझीच बदली चंद्रपूरला झाली. तरी पाणी नितळ असेपर्यंत मी शनिवारी लाल गाडीनं गावी जातो. नवा थर्मास घेतला आहे, झाकण घट्ट बसतं, चहा सकाळपर्यंत वाफाळता राहतो. पाळीवर बसतो, "नाई जी, सोडा गाडी" म्हणतो, दोन बेल मारतो. फेरी निम्मी व्हायच्या आतच तीन बेल मारतो. आणि गोविंदभाऊ माझ्या नावानं बोटं मोडत, वाटेत एकदाही न थांबता, भराभरा काठाकडे येतात.