शेवटचा तुकडा महासंघाचा पहिला अध्यक्ष

हे मी लिहिणारच नव्हतो. मान-ग्यू म्हणाला, "लिहू नकोस, तुझीच अब्रू जाईल." पण माझी अब्रू गेली तेव्हा संसदेसमोरच्या अख्ख्या रस्त्याने टाळ्या वाजवल्या होत्या. मग तुम्हीच तेवढे कशाला मागे राहता?

आधी एक गोष्ट छातीठोकपणे सांगून टाकतो. त्या थंडीत संसद आहे त्या योइदो भागातल्या रस्त्यावर जेवढे झेंडे फडकत होते, त्यात आमचा सगळ्यात देखणा होता! उगाच नाही बोलत. मी फलक छापायच्या दुकानात काम करतो. अक्षर किती जाड असलं की लांबून दिसतं, हे मला झोपेत विचारा.

आता झेंडा कशाला? तर आमच्या राष्ट्राध्यक्षामुळे. या माणसाने कुणाला न विचारता एका रात्रीत रस्त्यावर सैनिक आणले आणि लोक खवळल्यावर म्हणाला, "तो नुसता इशारा होता." सैन्य आणून कोण इशारा देतं हो? आमची आई रागावली तर भाताचा डाव आपटते, तेवढ्यात भागतं! त्यावर साहेबांची माणसं टीव्हीवर येऊन म्हणाली, महाभियोग मागणाऱ्या मोर्चात सामान्य माणूस नाहीच, सगळे कुठल्या ना कुठल्या संघटनेने पाठवलेले आहेत.

झालं! लोकांनी घरी बसून नसलेल्या संघटना काढल्या. 'मांजर मांडीवरून उठेना म्हणून उशीर झालेल्यांचा संघ.' 'कपाटात एकच मोजा सापडणाऱ्यांची संघर्ष समिती.' एवढाले झेंडे, आणि खाली एकटाच माणूस!

आमची कल्पना खानावळीत मान-ग्यूबरोबर जेवताना सुचली. मान-ग्यू म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र, धुलाईच्या कपड्यांची गाडी चालवतो. कांद्याच्या पातीचं धिरडं मागवलेलं. खाता खाता एक तुकडा उरला. मी म्हटलं, "तू घे." तो म्हणाला, "नाही रे, तू घे." मी म्हटलं, "माझं पोट भरलं." तो म्हणाला, "माझं तर फुटतंय." दोघंही त्या तुकड्याकडे असे बघत होतो, जसं काही तो तुकडा नसून कुणाची तरी मुलगी आहे! शेवटी तो गार होऊन कातडं झाला आणि खानावळवाल्या बाईंनी ताट उचललं.

"हे या देशात रोज प्रत्येक टेबलावर होतं," मी म्हटलं. "आपली संघटना हीच!"

दुसऱ्या दिवशी मी झेंडा छापला. 'ताटातला शेवटचा तुकडा न उचलणाऱ्यांचा राष्ट्रीय महासंघ.' काठी म्हणून मान-ग्यूची मासेमारीची लांब होणारी काठी. वाऱ्यावर असा डुलायचा की बघत राहावं!

पहिल्याच शनिवारी एक आजी गर्दीतून वाट काढत आल्या. जांभळा फुगीर कोट, गळ्यात गरम पाण्याची बाटली. झेंडा वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाल्या, "नाव कुठे घालायचं?"

"आजी, ही नुसती गंमत आहे."

"गंमत? लग्न झाल्यापासून शेवटचा तुकडा मी नवऱ्याच्या ताटात टाकते! आणि तुला गंमत वाटते? लिही, मल-सुन. आणि नीट लिही."

मी लिहिलं. काय करणार!

मग से-रिन आली, नर्सिंग शिकणारी पोरगी. तिच्या हातात गाण्याच्या कार्यक्रमात हलवायची रंगीत दिव्याची कांडी. मग तिच्या मैत्रिणी. मग निवृत्त झालेले प्यो सर, जे शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे आणि अजूनही समोरच्याला तिसरीतला समजून बोलायचे.

"तुमची घटना कुठे आहे?" प्यो सरांनी विचारलं.

"सर, आमच्याकडे फक्त झेंडा आहे."

"बाळ, ज्याच्याकडे फक्त झेंडा असतो त्याची पुढे हुकूमशाही होते. थांब." त्यांनी तिथेच, हातमोजे घालून, नियम केले. अध्यक्ष एक. निवड हात वर करून. अध्यक्ष संघटनेच्या तत्त्वाविरुद्ध वागला तर दोन तृतीयांश सभासद त्याला काढू शकतात.

"घाला, घाला!" मी मोठ्या मनाने म्हटलं. "मला कोण काढणार?"

सगळे हसले. माझी अध्यक्ष म्हणून एकमताने निवड झाली.

खरं सांगू? मी शाळेत कधी वर्गाचा प्रमुखसुद्धा नव्हतो. सरकारी नोकरीच्या परीक्षेत सतत नापास. घरी टीव्हीचा रिमोटसुद्धा माझ्या हातात कुणी देत नाही. आणि इथे म्हाताऱ्या बायका मला "अध्यक्षसाहेब, थंडी वाजत नाही ना?" विचारायला लागल्या! माणूस दगडाचा आहे का? चढणारच.

चढलीच. आठवड्याभरात मी मान-ग्यूला 'झेंडा सुरक्षा प्रमुख' नेमलं, म्हणजे माझी पिशवी धरायला. एका पत्रकार बाईला सांगितलं की आमचे सभासद देशभर पसरले आहेत. होतो बारा! आणि सभासदांची झेंड्याखाली फोटो काढायला फार झुंबड उडते म्हणून अंथरुणात पडल्या पडल्या सगळ्यांना मेसेज टाकला: 'अध्यक्षांच्या परवानगीशिवाय झेंड्याखाली फोटो काढण्यास तातडीने मनाई.'

सकाळी से-रिनचा फोन. "दादा, हे काय?"

"अगं, नुसता इशारा होता."

मग ती म्हणाली, "दादा, हे वाक्य कुठेतरी ऐकलंय."

मला तेव्हा काही कळलं नाही. अध्यक्षाला कळत नसतंच.

मग आला तो शनिवार. महाभियोगाचं मतदान! त्याच्या आधीच्या शनिवारी सत्ताधारी पक्षाचे लोक मतदान व्हायच्या आत सभागृहातून उठून गेले होते आणि संख्याच न भरल्याने सगळं कोसळलं होतं. त्यामुळे या वेळी माणसं नदीच्या पुलापर्यंत! हान नदीवरचा वारा कानात सुया टोचत होता, पण कुणी घरी जाईना. लहान-मोठे, म्हातारे-कोतारे, सगळे रस्त्यावर बसून एका सुरात गात होते. खोटं नाही सांगत, मला भरून आलं. असा देश आहे आपला!

भूक पण लागली होती. कुणा अनोळखी माणसाने आमच्यासाठी किम्बापची पेटी पाठवली. भाताच्या गुंडाळीचे गोल गोल काप, तिळाच्या तेलाचा वास! पेटी फिरली. सगळ्यांनी एकेक घेतला, काहींनी दोन घेतले. आणि अर्थातच, तळाशी एक काप उरला.

"आजी, घ्या."

"छे! प्यो सर, तुम्ही."

"से-रिन, तू वाढत्या वयाची."

"मी? मी कालच जेवले!"

पेटी फिरून माझ्यासमोर येऊन थांबली. सगळे गाण्याला उभे राहिले. मी झेंडा धरून खाली बसलेलो. काप माझ्याकडे बघतोय. मी कापाकडे बघतोय. मनात म्हटलं, अध्यक्षावर किती ताण असतो! अध्यक्षाने ताकद राखली पाहिजे, ती संघटनेच्याच कामाला येते. आणि बघतंय कोण?

गप्पकन तोंडात टाकला.

सगळे बघत होते! मंचाशेजारच्या प्रचंड पडद्यावर कॅमेरावाला मजेशीर झेंडे दाखवत होता. आधी पडद्यावर आमचा झेंडा आला, टपोऱ्या अक्षरात: 'ताटातला शेवटचा तुकडा न उचलणाऱ्यांचा...' मग कॅमेरा सावकाश काठीवरून खाली उतरला. आणि खाली माझं तोंड! बसच्या चाकाएवढं! गाल फुगलेले, ओठावर तीळ, हातात रिकामी पेटी!

पुलापर्यंत हशा पिकला. मग टाळ्या. मी घास गिळला तेव्हा तर शिट्ट्या वाजल्या.

"तो शेवटचा नव्हता!" मी ओरडलो. "शेवटून दुसरा होता!"

"मग शेवटचा कुठाय?" मल-सुन आजींनी विचारलं.

"तो... तो आधीच कुणीतरी खाल्ला असेल."

"शेवटून दुसऱ्याच्या आधी शेवटचा खाल्ला?" प्यो सर म्हणाले. "बाळ, तू गणितातही नापास होतास का रे?"

मी शेवटचं अस्त्र काढलं. "हा विरोधकांचा कट आहे!"

"आपल्याला विरोधक कोण?" मान-ग्यू म्हणाला. "एकच मोजावाले?"

प्यो सरांनी घसा साफ केला. संघटनेचं एकच तत्त्व, आणि अध्यक्षाने ते देशासमोर चावून खाल्लं. वर परस्पर काढलेली फोटोबंदी. "महाभियोगाचा प्रस्ताव मांडतो. आहोत बारा. आठ हात लागतील."

मी काठी घट्ट धरली. हसू नका! तुमच्यासाठी ती मासेमारीची काठी असेल. मला आयुष्यात मिळालेली पहिली खुर्ची होती ती. मग मी तेच केलं जे खुर्चीवरचा माणूस करतो. सभासद पळवले!

"आजी, तुम्ही गारठलात. माशाच्या वड्यांचं गरम सार घेऊन या ना, तिकडे फुकट वाटतायत. से-रिन, आजींना एकटं सोडतेस? मैत्रिणींनाही ने, वाट्या धरायला!"

गेल्या बिचाऱ्या. मी मनात मोजलं आणि मान ताठ केली. "सर, सभासदच पुरेसे नाहीत. प्रस्ताव बारगळला."

पण रांगेत उभ्या उभ्या आजींना माझा डाव कळला असावा, कारण त्या सार न घेताच परत आल्या, आणि कशा आल्या म्हणता? जांभळा कोट वाऱ्यावर, मागे पोरींची फौज!

"मेल्या! मतदान होऊ नये म्हणून मला साराच्या रांगेत उभं करतोस? गेल्या शनिवारी ते लोक उठून गेले तेव्हा सगळ्यात मोठ्याने शिव्या कोण देत होतं?"

मी देत होतो. घसा बसला होता माझा.

मतदान सुरू झालं. आजींचा हात आधी. मग प्यो सर. मग पोरी. सात हात! आणि तिथे गाडी अडकली. उरलेले, म्हणजे मान-ग्यू आणि नंतर येऊन मिळालेले तीन काका-काकू, एकमेकांकडे बघायला लागले. आठवा हात म्हणजे शेवटचा हात. आणि हे सगळे कोण? शेवटचं काही न उचलणारे!

"तुम्ही करा ना वर."

"नाही नाही, मोठे तुम्ही."

"अहो, माझा खांदा दुखतो. तुम्हीच घ्या हा मान."

"तुमच्यापुढे आम्ही कसा घ्यायचा?"

मान-ग्यू तर बुटाची नाडी बांधत बसला. त्याच्या बुटाला नाडीच नाही!

सातावर काटा अडकलेला. मी वाचलो! संघटनेच्या तत्त्वानेच मला वाचवलं! पलीकडे संसदेत आत मतं मोजत होते, रस्ता एकदम गप्प झाला होता, एवढी माणसं आणि श्वासाचा आवाज नाही. आजींचा म्हातारा हात अजून हवेतच होता, त्या खाली घेईनात. से-रिन डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. प्रत्येकाला वाटत होतं, आतल्या कुणीतरी एकाने आज खुर्चीपेक्षा थोडं मोठं व्हावं.

आणि मला वाटलं, अरे, मी पण तर आतच बसलोय.

"सर," मी विचारलं, "अध्यक्षाला मत असतं का?"

"सभासद आहेस ना?"

"शेवटचं काही उचलायची लाज नसलेला इथे मी एकटाच आहे," मी म्हटलं, आणि हात वर केला.

आठ!

त्याच क्षणी असा जल्लोष उठला की रस्ता हलला. लोक उड्या मारतायत, अनोळखी माणसं गळ्यात पडतायत, रडतायत! मी दोन्ही हात जोडून चहूकडे वाकून नमस्कार केले. "अहो, एवढं काय त्यात, कर्तव्यच केलं," असंही म्हणालो. मग मान-ग्यूने माझी मान धरून पडद्याकडे वळवली. संसदेत प्रस्ताव मंजूर झाला होता.

पण तरी! राष्ट्राध्यक्षावर महाभियोग लावायला दोन शनिवार लागले, माझं काही मिनिटांत उरकलं. स्वतःवरच्या महाभियोगात स्वतः निर्णायक मत देणारा अध्यक्ष मी एकटाच. आहे का कुणी दुसरा? दाखवा!

आजींनी माझ्या गालावर एक चापट मारली, मग त्याच गालाचा मुका घेतला. नवा अध्यक्ष म्हणून मान-ग्यूला निवडलं. काठी त्याचीच होती, त्यामुळे चर्चा फार झाली नाही.

परत जाताना भुयारी रेल्वेच्या जिन्यावर तो थांबला. झेंड्याची गुंडाळी छातीशी घट्ट धरलेली, चेहरा उतरलेला.

"बोम-सोक, आत्ता एका काकांनी मला 'अध्यक्षसाहेब' म्हटलं."

"मग?"

"बरं वाटलं रे. फारच बरं वाटलं." त्याने माझी बाही धरली. "मला भीती वाटते. मला चढली आणि कुणी बोललंच नाही तर? मित्र म्हणून गप्प बसशील तू?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"शब्द देतो, मान-ग्यू. मित्र म्हणून मी मुळीच गप्प बसणार नाही. उद्यापासूनच नजर ठेवतो तुझ्यावर."