सोमानानांची अकरा मतं

सोमानाना पुस्तक उघडण्याआधी तळहातावर तोलत. डोळे मिटत, हात किंचित खालीवर करत आणि सांगत, "तीनशे ग्राम. त्यात पाला किती, ते वाचून सांगीन."

आमच्या बेटावरच्या प्लेन दे पपाय गावाजवळच्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची तीस वर्षं गेली होती. उसाची गाडी आली की त्यात पाला किती ते नजरेनं ठरवायचं आणि तेवढं वजन कापायचं, हे त्यांचं काम. शेतकरी भांडत. नाना एकच बोलत, "मो पा दाकोर." म्हणजे बेटावरच्या क्रेओल बोलीत, मला पटत नाही. बायको होती तोवर तिलाही हेच ऐकवत. ती गेली आणि मुलगी शांता नर्सिंग शिकायला गेली ती इंग्लंडातच राहिली. मग ते रेडिओला ऐकवू लागले.

माझे वडील त्याच कारखान्याचा ऊस तोडत. शिष्यवृत्ती मिळाली आणि मी भारतात जाऊन बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिलाच. परत आल्यावर गावच्या बैठकेत, म्हणजे पत्र्याच्या छपराखालच्या आमच्या मराठी शाळेत, संध्याकाळी शिकवू लागलो. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असे. भारतातून आलेल्या एका पार्सलात विज्ञानकथांचा संग्रह निघाला. बारा गोष्टी, मुखपृष्ठावर हिरवं यान. कोणी हात लावेना. नानांनी तोलला आणि घरी नेला.

आठवड्यानं आले. "गुरुजी, कागद काढ. माझं मत लिव." मला वाटलं, पुस्तक छापणाऱ्यांना पाठवायचं असेल.

नानांना वाचता येई, पण लिहिताना हात आकड्यांपलीकडे जात नसे. मी त्यांच्या शांताच्या वयाचा. ते मला गुरुजी म्हणत आणि अरेतुरेही करत. दोन्ही मनापासून.

"पैली गोष्ट. एक माणूस यानात बसून ताऱ्यावर जातो. चाळीस वर्सांसाठी! आणि पोचवायला कोण? कोणीच नाय! अयो, एक बस तरी करायची!"

आमच्याकडे कोणी परदेशी निघालं की गाव बस करून प्लेझान्सच्या विमानतळावर जातं. माझ्या वेळी दोन गेल्या. दुसरीतल्या निम्म्या लोकांना जाणारा कोण, हे तिथं पोचल्यावर कळलं.

"पाला किती लिहू?"

"निम्मा."

दुसऱ्या गोष्टीत वादळाची वेळ मिनिटामिनिटानं सांगणारं यंत्र होतं. "मो पा दाकोर. सिक्लोन आला की पैली वीज जाते. मग ह्ये यंत्र काय सांगनार? माझी कोंबडी बरी, वारा सुटायच्या आधीच खुराड्यात शिरते."

चौथीत माणसं मंगळावर राहायला जातात. नानांनी त्यांच्या सामानाची यादी दोनदा तपासली होती. "मसाला वाटायचा दगड नाय, मिरचीचं बी नाय! माझा पणजा भारतातून बोटीनं आला तो कमरेला बी बांधून. आणि ही शिकलेली मानसं!"

"नाना, मंगळावर मिरची येणार नाही."

"त्यांनी लावून बगितली?"

एक गोष्ट मला कळेना. मत देण्याआधी नाना अख्खी गोष्ट सांगत, त्यांच्या पद्धतीनं, यानाचा आवाज काढून. "पुस्तकवाल्यांना त्यांचीच गोष्ट कशाला सांगायची?" मी विचारलं.

"इसरले असतील. तू लिव."

मी त्यांचं बोलणं शुद्ध करून लिहिलेलंही त्यांना चालेना. "ह्यो कोण बोलतोय? मी बोलतो तसं लिव."

सातव्या गोष्टीत दूरच्या ग्रहावरचा एक माणूस रोज घरी निरोप पाठवतो. एकेक निरोप पोचायला अकरा वर्षं लागणार असतात. मी पेन धरून थांबलो.

"पाला?"

"नाय," नाना म्हणाले. "सगळा ऊस."

पाच शनिवारांत अकरा गोष्टी झाल्या. "आता बारावी," मी म्हणालो.

"बारावी नको."

"वाचली नाही?"

"दोनदा वाचली."

त्यांनी खिशातून एक जुना लिफाफा काढला आणि त्यामागचा पत्ता दाखवला. इंग्लंडचा होता. शांताचा.

"हे पुस्तकवाल्यांना नव्हतं?"

"ते माझे कोण लागतात?" नाना टोपी हातात घेऊन तिची कड चाचपत राहिले. "दर खेपेला मी लिवून घ्यायचो, मी बरा हाय, पाऊस बरा हाय. त्याला पोरगी काय उत्तर देनार? वर्साला एक कार्ड येतं. नुसतं नाव."

मी विचारलं, "मग बारावी का नको?"

"खाली लिव. बारावी सगळ्यात भारी हाय. इचारलंस तर सांगीन."

पत्र गेलं. तोडणी सुरू झाली. नाना बैठकेत यायचे, पण पत्राचं नाव काढत नसत. फक्त पोस्टमन दिसला की सायकलवरून उतरून त्याच्या बाजूनं चालू लागत.

एका संध्याकाळी त्यांनी सायकल बैठकेच्या भिंतीला टेकवली आणि निळं हवाई पत्र माझ्यापुढं धरलं. घड्यांवर ते आधीच मऊ पडलं होतं. "मोठ्यानं वाच."

"पपा, मो पा दाकोर," शांतानं सुरुवात केली होती. "पहिल्या गोष्टीतल्या माणसाचं बरोबर आहे. प्लेझान्सला मी रडले ती तुमची बस बघूनच. बस नसती तर नीट गेले असते." पुढं दोन पानं भांडणच होतं, कोंबडीवरून, मिरचीवरून. शेवटी एकच ओळ होती, प्रश्नाची. मी ती वाचणार, तोवर नाना माझ्यासमोर बाकावर बसलेही होते.

"बग कशी भांडते," ते म्हणाले. "कागद काढ, गुरुजी. बारावी."