विरजणासारखं वाय-फाय

कृणालने स्पीड टेस्टचं बटण पुन्हा दाबलं आणि टीव्हीच्या पडद्यावर कन्सोलने पुन्हा तेच सांगितलं. डाउनलोड, दोन पूर्णांक आठ. एवढ्या स्पीडला ऑनलाइन फुटबॉल सोडा, ऑनलाइन कॅरमची सोंगटीसुद्धा भोकापर्यंत पोचली नसती.

"किती आला?" हेडफोनमधून प्रांजलने विचारलं. ती बोरिवलीला, हा विक्रोळीला, पण टीम एकच. दोघांची मिळून.

"वाढतोय हळूहळू."

"कृणाल, आकडा सांग."

"दोन आठ."

पलीकडून प्रांजलने आयोजकांचा नियम पुन्हा वाचून दाखवला.

नियम साधा होता. स्पर्धेची सेमीफायनल चारला. त्याआधी, साडेतीनपर्यंत, प्रत्येक खेळाडूने आपल्या कन्सोलवर स्पीड टेस्ट करायची आणि पडद्याचा फोटो आयोजकांना पाठवायचा. आकडा विसाच्या खाली असला की टीम बाद, विषय संपला. गेल्या वर्षी मॅचच्या मध्यावर कृणालच्या बिल्डिंगची लाइट गेली होती आणि प्रांजल बिचारी एकटीच मैदानभर पळत राहिली होती. त्यानंतर ती महिनाभर बोलली नव्हती.

"हे बघ," प्रांजल म्हणाली, "मी रागावत नाहीये. पण या वेळी पण काही झालं ना, तर पुढच्या वर्षी मी सर्वेशबरोबर खेळणार. त्याच्याकडे इन्व्हर्टर आहे."

"त्याला ऑफसाइड कळत नाही यार."

"पण तो दिसतो तरी मैदानात."

कृणालने नेटवाल्याला फोन लावला. तो जेवत होता. तोंडातला घास न गिळताच म्हणाला, "आपल्याकडून शंभर निघतंय. तुमच्या घरात काय होतं ते तुम्ही बघा." आणि ठेवला.

घरात काय होणार? घरात आई होती, आणि ती दुपारची भांडी लावत होती. "एवढं डोकं कशाला लावतोस," लताताई म्हणाल्या, "दशरथभावजींकडे जा ना तुझा तो डबा घेऊन. सकाळपासून त्यांच्या मोबाइलवर कीर्तन चालू आहे, एकदा अडकलं नाही."

हे बरं होतं. कृणालने कन्सोल बाजाराच्या पिशवीत घातला, वरून वायरी कोंबल्या, त्या मेथीच्या जुडीसारख्या बाहेर लोंबत राहिल्या, आणि तो शेजारच्या दारात उभा राहिला.

दशरथकाका कंपनीतून रिटायर झालेले, बनियनवर, आणि पाहुणा आला की खूश. "ये ये. आमचं नेट म्हणजे एकदम कडक. थांब, पासवर्डचं मी देवेशला विचारतो, त्यानेच लावून दिलंय." पण विचारायची वेळच आली नाही. कन्सोल चालू केला आणि तो आपोआप नेटला जोडला गेला.

"बघ," काका छाती पुढे काढून म्हणाले, "आमचं नेट माणसं ओळखतं."

घाईत माणसाचं डोकं चालत नाही, त्यातलंच हे. कृणालने मनात काकांना नमस्कार केला आणि टेस्ट लावली. दोन पूर्णांक सहा.

"कमी आहे का?" काकांनी विचारलं.

"थोडं."

"मग कीर्तन बंद करू?"

"नको नको, राहू दे," म्हणत कृणाल पिशवी भरून बाहेर. आता कुठे? तर खाली माणिकमावशीकडे. तिची सून दिवसभर मोबाइलवर मालिका बघते म्हणजे नेट दणकट असणार. तिथेही कन्सोल आपोआप जोडला गेला, तिथेही मावशीने "आमच्याकडे कसली कटकट नाही बघ" म्हणून सांगितलं, आणि तिथे आला दोन पूर्णांक चार. वर मावशीने हातावर बेसनाचा लाडू ठेवला, तो तोंडात धरूनच कृणाल चौथ्या मजल्यापर्यंतचा जिना चढला.

चौथ्या मजल्यावर देवेश. देवेश म्हणजे कृणालचा शाळेपासूनचा दोस्त, आणि नेटच्या बाबतीत स्वतःला शास्त्रज्ञ समजणारा. दार उघडल्या उघडल्या म्हणाला, "भाई, योग्य जागी आलास. आपलं नेट म्हणजे रॉकेट."

रॉकेट एक पूर्णांक नऊने उडालं.

कृणाल जमिनीवरच बसला. तीन वाजून गेले होते. प्रांजलचे मेसेज येऊन पडत होते, आधी शब्द, मग नुसती प्रश्नचिन्हं. आणि तेव्हा, आता करायला काहीच उरलं नाही म्हणून, त्याने पहिल्यांदा पडद्यावर आकड्याच्या वर नीट बघितलं. तिथे नेटवर्कचं नाव होतं. कृणाल-होम.

"देवेश," तो हळूच म्हणाला, "हे कुणाचं नेट आहे?"

"आमचं."

"नाव वाच."

देवेशने वाचलं. डोकं खाजवलं. "हां रे. मला वाटलं असेल कोणीतरी कृणाल."

"बिल्डिंगमध्ये दुसरा कृणाल कोण आहे?"

"मी एवढा खोलात गेलो नाही."

"पासवर्ड कोणी दिला तुला?"

"माणिकमावशीने. मग मी दशरथकाकांना लावून दिलं, सखुबाईआजींना आणि समोरच्या वहिनींना दिलं. वरच्या मजल्यांवर नीट पोचत नव्हतं म्हणून जिन्यात बूस्टरपण लावला, स्वतःच्या खिशातून." देवेशने अशा चेहऱ्याने सांगितलं की त्याला आता कोणीतरी हार घालावा.

म्हणजे बघा, हा पठ्ठ्या भर दुपारी कन्सोल खांद्यावर मारून अख्खी बिल्डिंग फिरला, घरोघरची नेटं तपासली, एकमेकांशी ताडून बघितली, आणि सगळीकडे तपासत होता ते स्वतःचंच.

खाली येऊन त्याने पिशवी ठेवली. "आई, तू माणिकमावशीला वाय-फायचा पासवर्ड दिलास?"

"दिला की." लताताई ताटं पुसत होत्या. "विरजण मागायला आली होती. जाता जाता म्हणाली, नेटचं पण दे गं थोडं."

"थोडं? पासवर्ड थोडा कसा देतात?"

"विरजण तरी कोण पातेलंभर देतं? चमचाभर देतो. मग ते त्यांच्याकडे लागतं, ते पुढे दुसऱ्याला देतात. आपलं दही कमी झालंय का कधी? आणि विरजणाला नाही म्हणतात का आपल्यात?"

"आई, नेट दह्यासारखं नसतं. वाटलं की कमी होतं."

"मग ते मला आधी सांगायचं होतंस," लताताई म्हणाल्या, आणि यात त्यांची चूक कुठे आहे ते कृणालला शोधूनही सापडेना.

जिना उतरतानाच प्रांजलचा फोन आला होता, ती सगळं ऐकत होती. "सोपं आहे," ती म्हणाली. "पासवर्ड बदल. एका मिनिटात सगळे बाहेर."

खरंच सोपं होतं. कृणालने मोबाइलवर राउटरचं पान उघडलं, नवीन पासवर्ड टाइप केला, आता फक्त ओके दाबायचं. अंगठा वर उचलला होता, तेवढ्यात गॅलरीच्या खिडकीतून पलीकडचा आवाज आला. सखुबाईआजींचा. आजी एकट्या राहायच्या, लेक रोशनी मस्कतला. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि समोर कढई.

"तेल तापांदे गो आधी. घाई करू नको. वडो हातावर थापलंस? भोक पाड मधी. आता सोड."

"सोडला," फोनमधून रोशनीताईचा आवाज, "आई, हा फुगत नाहीये."

"फुगात. तेका थोडो वेळ दी."

कृणालचा अंगठा तसाच हवेत. ओके दाबलं की मस्कतच्या कढईत रोशनीताई एकटी पडणार होती, न फुगलेल्या वड्याबरोबर. आजी मग दिवसभर "काय झाला गो, आवाज येयना" करत फोनला फुंकर मारत बसणार.

"दाबलंस का?" प्रांजलने विचारलं.

"थांब जरा."

"कृणाल."

लताताई मागे येऊन उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "तुझं नेट आहे, तू बघ. पण हा टीव्ही कोणाचा रे?"

टीव्ही दशरथकाकांचा होता. नवीन घेतला तेव्हा जुना त्यांनी स्वतः उचलून आणून दिला होता. हेडफोन देवेशचा. खाली बसायची गादी माणिकमावशीची. आणि दहावीच्या वर्षी लताताई हॉस्पिटलात होत्या तेव्हा त्याचा रात्रीचा डबा कोणाकडून यायचा, ते तर विचारायलाच नको. पलीकडून आजींच्या कढईचा वास अजून येत होता. नीट बघितलं तर या सगळ्या सेटअपमध्ये कन्सोल तेवढा कृणालचा होता.

त्याने टाइप केलेला पासवर्ड खोडला.

"प्रांजल, मला पंधरा मिनिटं दे."

"आपल्याकडे तेवढीच आहेत," ती म्हणाली.

मग जो काय पळाला तो. एकेक दार वाजवायचं आणि एकच वाक्य. "काका, तासाभरासाठी वाय-फाय बंद ठेवाल का, माझी मॅच आहे." त्याला वाटलं लोक तोंड वाकडं करतील. कोणी केलं नाही. दशरथकाकांनी कीर्तनकाराला वाक्याच्या मध्ये तोडलं. माणिकमावशीने सुनेच्या हातातून मोबाइल काढून तांदळाच्या डब्यात ठेवला. "तुझं नेट होतं होय ते," ती म्हणाली, "सांगायचं नाही का रे, निदान साय तरी पाठवली असती." देवेश स्वतः जिन्यात जाऊन बूस्टरची पिन काढून आला. सखुबाईआजींना काही सांगावं लागलं नाही, तोवर वडा फुगला होता आणि फोनही ठेवून झाला होता. "फुगलो," त्या म्हणाल्या. "काय रे झिला, तू कित्याक धापो टाकतंस?"

टेस्ट लावली. आकडा वर जायला लागला. दहा, तीस, साठ, आणि थांबला थेट ब्याण्णववर. कृणालने टीव्हीचा फोटो काढून पाठवला, तो इतक्या घाईत की पहिला फोटो पंख्याचा आला.

"ब्याण्णव," प्रांजल म्हणाली. "माझाच साठ आहे. सॉरी म्हणू का?"

"नंतर म्हण."

आता झालं काय, की बिल्डिंगमध्ये कोणाकडेच नेट नव्हतं, आणि रविवारी दुपारी नेट नसलेला माणूस करणार काय? सगळे कृणालकडे आले. दाराबाहेर चपलांचा ढीग. दशरथकाका खुर्चीवर, माणिकमावशी स्वतःच्याच गादीवर, आणि सखुबाईआजी परातभर वडे घेऊन दारात. "आपला पोरगा कुठचा, निळा का पिवळा?" काकांनी विचारलं आणि उत्तर न ऐकताच दोन्ही बाजूंना ओरडायला सुरुवात केली.

मॅच झकास झाली. नेट लोण्यासारखं चाललं. एक गोल त्यांचा, एक प्रांजलचा, वेळ संपली, पेनल्टी. पेनल्टीमध्ये गोलकीपर कृणाल. चार चार गोल झाले, पाचवीवर प्रांजलने गोल मारला. आता समोरच्याची पाचवी वाचवली की फायनल.

खोलीतले सगळे टीव्हीकडे सरकले. आणि नेमकं तेव्हाच, प्रत्येकाला स्वतंत्रपणे, गुपचूप, एकच सुचलं. देवेशला वाटलं, हे लाइव्ह टाकायला पाहिजे. दशरथकाकांना वाटलं, मालवणच्या मेव्हण्याला दाखवायला पाहिजे. माणिकमावशीच्या सुनेने तांदूळ झटकून मोबाइल आणलाच होता. आणि आजींनी रोशनीला परत लावलं, कारण ज्याच्यासाठी वडे केले तो पोरगा तिने बघायला नको? एकेकाने वाय-फाय चालू केलं. सगळ्यांचे फोन, आज्ञाधारक, आपोआप जोडले गेले.

समोरचा खेळाडू पळत आला. कृणालने ठरवलं होतं, डावीकडे. तो कायम डावीकडे मारतो. त्याने डावीकडे दाबलं, दात ओठ खाऊन दाबलं, बटण आत जाईपर्यंत दाबलं. गोलकीपर हलला नाही. नेट गोठलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात लाल खूण लुकलुकत होती आणि गोलकीपर मधोमध उभा होता, दोन्ही हात पुढे करून, जसा कोणी विरजण मागायला येतो.

समोरच्याने चेंडू हळूच, फाजील आत्मविश्वासाने, बरोबर मधोमध मारला. तो सरळ त्या हातांत येऊन बसला.

मग जे ओरडणं झालं ते बोरिवलीला हेडफोनशिवाय पोचलं असणार. सखुबाईआजींनी एक वडा टीव्हीवरूनच ओवाळून टाकला.

"तू हललास कसा नाहीस?" प्रांजल हेडफोनमधून ओरडली. "सगळे उडी मारतात रे. समोरचा पण विचारतोय बघ, मेसेज आलाय त्याचा, एवढा कूल कसा राहिलास म्हणून. त्याला काय सांगू?"

कृणालने खोलीभर नजर फिरवली. दशरथकाका मेव्हण्याला उलटा कॅमेरा लावून स्वतःचा कान दाखवत होते. देवेश लाइव्हवर त्याच्याबद्दल काहीतरी भावुक बोलत होता. फोनमधली रोशनीताई मसाल्याच्या डब्याऐवजी आता आजींच्या खांद्याला टेकून हसत होती.

"सांग," तो म्हणाला, "की बिल्डिंगने धरून ठेवलं होतं."

नंतर, चपलांचा ढीग विरघळल्यावर, उगाच बघावं म्हणून त्याने पुन्हा टेस्ट लावली. एक पूर्णांक तीन. त्याने त्याचाही फोटो काढला, कोणाला पाठवायचा नव्हता तरी.

लताताई परात धुवायला घेत होत्या. "पुढच्या रविवारी फायनल ना तुझी? मी आधीच सांगून ठेवते सगळ्यांना, नेट बंद ठेवा म्हणून."

"सांग," कृणाल म्हणाला. मग दारापर्यंत जाऊन परत आला. "पण पेनल्टी लागली की चालू करा म्हणावं."